बोअरची मोटर कुणामुळे जळली?

सेक्रेटरी (स. ७.१०): सर्वांना नमस्कार. काल रात्री वॉचमनने सम्पची, म्हणजे जमिनीखालच्या टाकीची, मोटर लावायची सोडून बोअरची लावली. मे महिन्यात बोअरला पाणी नसतं हे त्याला दहा वेळा सांगितलंय. पहाटेपर्यंत कोरडी फिरून मोटर जळली. पंप वर काढणं, वाइंडिंग आणि परत सोडणं मिळून १८,५०० होतील. त्यातले २,००० वॉचमनच्या पगारातून कापतोय.

ए-१०१: तरीच. नळाला उदक ना मरे!

सेक्रेटरी: सम्पात ओपाचं नळाचं पाणी भरपूर आहे. आत्ता मीच मोटर लावलीय, तासाभरात येईल.

बी-३०१: २,००० कमीच झाले. रात्रभर मोबाइल बघत बसतो तो.

बी-२०३: सेक्रेटरीबाब, पॅनेल गेल्या महिन्यात बदललं ना? आत्ताच जिन्याखाली जाऊन बघून आलो. जुन्यात सम्पचा स्टार्टर डावीकडे होता, नव्यात डावीकडे बोअर आलाय. दोन्ही डबे राखाडी, दोन्हीवर तेच हिरवं-लाल बटण, वर इंग्रजीत पी-१, पी-२. तिथला बल्बही उडालाय. सहा वर्षं त्याचा हात डावीकडे जातोय, काल रात्रीही गेला.

सेक्रेटरी: काका, पॅनेल बदललं तेव्हा मी त्याला दाखवलं होतं.

बी-२०३: दाखवलं असेल. पण चुकलो हे त्याला कळणार कसं? सम्पची मोटर घरघरते, बोअरची दीडशे फूट खाली, वर काही ऐकू येत नाही. आणि गेटवर ट्रकांच्या आवाजात दोन्ही सारख्याच. सबमर्सिबल भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. ते नसलं की आतल्या आत शिजते, कुणाला पत्ता लागत नाही.

ए-२०४: माझ्या शेगडीचं सांगू? चार बर्नर चौकोनात आणि नॉब एका ओळीत. चार वर्षं झाली, अजून दूध पुढे ठेवते आणि पेटवते मागचा. एकदा मागे प्लास्टिकची चाळण होती. घरात आठवडाभर वास.

बी-३०१: म्हणजे उद्या कुणीही काहीही जाळायचं आणि म्हणायचं, बटणं सारखी होती?

बी-२०३: मोबाइलचं त्याच्याशी वेगळं बोला, माझी ना नाही. पण एक ऐका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं होती. सुखरूप उतरल्यावर पायलट पंखांचे फ्लॅप वर घ्यायला जायचे आणि चाकंच आत घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. चांगले शिकलेले पायलट! अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि हाताला अगदी सारखे. त्याने एकावर छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा. न बघता नुसत्या हाताला फरक कळायला लागला, आणि तो प्रकार थांबला. आपल्याकडे निदान उजेड तरी असावा.

सेक्रेटरी: ठीक. बल्ब आज लावतो. लेबलं मराठीत करून घेतो.

ए-२०४: अहो, तो कन्नड वाचतो. त्यापेक्षा बोअरच्या बटणावर पत्र्याची झडप लावा. उचलल्याशिवाय दाबताच येणार नाही.

बी-२०३: वहिनींचं बरोबर. शिवाय ड्राय-रन रिले बसवा. पाणी संपलं की मोटरीवरचा भार कमी होतो, करंट उतरतो, रिले ते ओळखून मोटर बंद करतो. नवी वाइंडिंग करण्यापेक्षा स्वस्त पडेल.

सेक्रेटरी: कोटेशन मागवतो. दंडाचं रविवारी मीटिंगमध्ये बघू.

बी-३०१: बघू म्हणजे माफ. समजलं.

बी-२०३ (दु. १२.०५): टाकी भरल्यावर मेन पाडून बोअरचा किटकॅट फ्यूज काढून आणलाय. माझ्या टेबलाच्या खणात आहे. मोटर दुरुस्त होऊन आली तरी पाऊस लागून बोअर भरेपर्यंत कुणी मागू नये.

ए-१०१: काका, हे बेस केलंत.

सेक्रेटरी (सं. ६.४०): काका, टाकी परत उतरलीय. सम्पचं हिरवं बटण तीनदा दाबलं, मोटर लागत नाही.

ए-२०४: काका?

बी-३०१: 😄

बी-२०३: स्टार्टरांची अदलाबदल केली, पण किटकॅट जुन्याच जागी ठेवलेत वाटतं. थांबा, खाली येतो. खण उघडतोय.