ध्रुवाऐवजी मृगापासून सुरुवात करावी

मुलांना तारे शिकवताना सुरुवात ध्रुवापासून करावी, कारण तो जागा सोडत नाही, हे मत तत्त्वतः योग्य असले तरी महाराष्ट्रात ते व्यवहारात उतरणे कठीण आहे. ज्या ठिकाणाचे अक्षांश जितके, जवळजवळ तितक्याच अंशांवर तेथे ध्रुव दिसतो. म्हणजे पुण्यात तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, आणि फारसा तेजस्वीही नसल्यामुळे इमारती व धुरकट हवेत हरवून जातो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा उत्साह तेथेच मावळतो.

त्याऐवजी जानेवारी ते मार्च या काळात संध्याकाळी मृग नक्षत्र दाखवावे. त्याच्या मधले तीन तारे एका रेषेत असल्याने मुले ते लगेच ओळखतात; ती रेषा एका बाजूस वाढवली की व्याध आणि दुसऱ्या बाजूस रोहिणी सापडते. माझ्या अनुभवात मुलांना सर्वाधिक भावतो तो याच नक्षत्रातील काक्षी या ताऱ्याचा तांबूस आणि राजन्य या ताऱ्याचा निळसर रंग. तांबूस तारा तुलनेने थंड आणि निळसर तारा अधिक तप्त असतो, हे मात्र त्यांनी विचारल्यावरच सांगावे; तो प्रश्न त्यांच्याकडून येणे मला फार मोलाचे वाटते.