विक्रेता म्हणतो ‘एकाच निधीतली’: बारा रोमन नाण्यांचे काय करावे?

प्रश्न (कोथरूडचा संग्राहक): पुण्यातील एका प्रदर्शनात मी रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील बारा लहान ब्राँझची नाणी घेतली. ती जमिनीत पुरलेल्या एकाच निधीतली असल्याचे विक्रेत्याने सांगितले. मात्र निधी कोठे सापडला, हे त्याला सांगता आले नाही. बहुतेकांवर मातीचा घट्ट थर आहे, तर दोघांवर फिकट हिरवी भुकटी दिसते. चिंचेने ती स्वच्छ करावीत का, आणि विक्रेत्याचे म्हणणे कसे पडताळावे?

उत्तर (सदाशिव पेठ): चिंचेने समई उजळते, नाणे मात्र बिघडते, शतकानुशतके साचलेल्या ज्या थरात अक्षरे टिकून असतात, तोच आम्लाने निघून जातो. हिरवी भुकटी हा क्लोराइड आणि दमट हवेमुळे होणारा ‘ब्राँझ डिसीज’, म्हणजे धातू पोखरणारा गंज, असण्याची शक्यता आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो झपाट्याने वाढतो. ती दोन नाणी आधी वेगळी करून सिलिका जेलसह बंद डबीत ठेवावीत. बाकीची डिस्टिल्ड पाण्यात भिजवावीत, पाणी वरचेवर बदलावे आणि माती बांबूच्या काडीने हळूहळू काढावी. याला महिनेही लागतात.

उत्तर (डेक्कन): मागच्या बाजूस दोन सैनिकांमध्ये दोन ध्वज असतील तर नाणे साधारणपणे इ. स. ३३० ते ३३५ मधले, एकच ध्वज असेल तर त्यानंतरचे. घोड्यावरून कोसळणारा शत्रू असेल तर ३४८ किंवा नंतरचे. निधी केव्हा पुरला, हे त्यातील सर्वांत उशिराच्या नाण्यावरून ठरते, म्हणून सुटी केलेली नाणी निम्मी मुकी होतात. इंग्लंडमधील फ्रोम येथे २०१० साली एका मडक्यात ५२,५०३ नाणी सापडली. शोधणाऱ्याने स्वतः खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले आणि त्यांनी थरागणिक नोंद ठेवली. त्यामुळे कॅरॉसियसची (ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट घोषित करणारा रोमन सेनानी), म्हणजे सर्वांत उशिराची, बरीचशी नाणी मडक्यात खोलवर असल्याचे कळले. मडके वर्षानुवर्षे भरत गेले नसून एकाच वेळी भरले असावे, हा निष्कर्ष त्यावरूनच निघाला.

प्रश्नकर्ता: सहा आठवड्यांनी दोन नाणी वाचता आली. तळाच्या टाकसाळीच्या अक्षरांवरून एक ट्रिअरचे (आजचे जर्मनी), दुसरे अँटिओकचे (आजचे तुर्कस्तान).

उत्तर (डेक्कन): टाकसाळी वेगळ्या असल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण नाणी साम्राज्यभर फिरत. चिकटलेल्या मातीचा रंग मात्र पाहावा, एकाच जागी पुरलेल्या नाण्यांवरची माती सहसा सारखी असते.

प्रश्नकर्ता: एकावर तांबूस, दुसऱ्यावर पांढरट वाळू आहे. पाकिटांवर आता ‘एकाच निधीतील’ याऐवजी ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ असे लिहिले आहे.