जुनाट दुखणं आणि वस्तीतला गट : अनुभव धागा

3 महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. असं दुखणं असलेल्यांनी एकत्र येऊन ते सांभाळायला शिकावं, यासाठी आपापल्या वस्तीत गट चालवणाऱ्यांनी कामाचे बारकावे इथे लिहावेत.

गट-समन्वयक
10 ते 15 जण, आठवड्यातून एकदा अडीच तास, असे 6 आठवडे. चालवणारे दोघं असावेत. त्यातल्या एकाला तरी स्वतःला जुनाट दुखणं असावं, बोलण्याला वजन येतं. मध्ये सुट्टी हवीच. हातांच्या आणि बिनहातांच्या खुर्च्या, आडवं व्हायला सतरंजी, उभं राहायला मोकळी जागा ठेवा. जागा जिन्यावर असली की ज्यांना गटाची खरी गरज, तेच आधी गळतात.

फिजिओथेरपिस्ट
सगळ्यात जास्त वेळ कामाच्या मापाला, म्हणजे एका वेळी किती करून थांबायचं हे शिकवायला द्या. बरं वाटलं की साठलेलं सगळं उरकायचं आणि मग दोन दिवस अंथरुणात, हे चक्र जवळजवळ प्रत्येकाचं असतं. तीन दिवस मोजायला सांगा : दुखणं वाढेपर्यंत किती वेळ उभं राहता येतं? समजा 20, 30, 25 मिनिटं. सरासरी 25, त्यातला पाचवा भाग वजा करून 20. आता घड्याळ लावून 20 मिनिटांनी थांबायचंच, दुखत नसलं तरी. लोक अडतात ते इथेच, चांगल्या दिवशी थांबणं पटत नाही. आठवडाभर निभलं तर 2 मिनिटं वाढवा. दुखणं उसळलं तर माप कमी करा, पण हालचाल पूर्ण बंद नको.

गटातली कार्यकर्ती
बैठकीच्या शेवटी प्रत्येकानं पुढच्या आठवड्याचा एक ठराव करावा. ‘रोज चालेन’ हा ठराव टिकत नाही. ‘सोम, बुध, शुक्र, संध्याकाळी 10 मिनिटं’ असा हवा. मग विचारा, जमेल याची खात्री 10 पैकी किती? 7 च्या खाली असेल तर ठरावच लहान करा, माणसाला जोर लावू नका. पुढच्या बैठकीची सुरुवात याच ठरावापासून करा, नाहीतर कोणाचं दुखणं मोठं यातच वेळ जातो.

नोंदी ठेवणारा
फरक पडतोय का हे मोजायला तीन प्रश्न पुरतात. गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, जगण्याच्या आनंदात किती आड आलं, रोजच्या कामात किती आड आलं? प्रत्येकी 0 ते 10, मग सरासरी. पहिल्या प्रश्नाचा आकडा तेवढाच राहून तिसऱ्याचा उतरला, तरी ती मोठी कमाई आहे. ती त्या माणसाला आवर्जून दाखवा.

परिचारिका
लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद झपाट्यानं कमी होणं : यांपैकी काहीही नव्यानं दिसलं तर बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात. दुखण्यासोबत ताप किंवा कारणाशिवाय वजन घटत असेल तर लवकर डॉक्टरांकडे. आणि गटात कोणी कोणाला आपल्या गोळ्या देऊ नयेत.