टॉर गार्ड रिले: कारण शोधायचंय, पण कुणाचे आयपी साठवायचे नाहीत

कांदाभजी:
डेबियनवर टॉरचा गार्ड रिले आहे (टॉरच्या अनामिक जाळ्यात शिरताना वापरकर्ता ज्या सर्व्हरला आधी जोडला जातो तो), ओआरपोर्ट, म्हणजे टॉरच्या जोडण्या घेणारा पोर्ट, ९००१. संध्याकाळी वेग गडगडतो आणि कर्नल लॉगमध्ये 'एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' येतं, म्हणजे फायरवॉलची जोडण्यांची नोंदवही (कॉनट्रॅक) भरलीय. टीसीपीडंप (पॅकेट टिपणारं साधन) लावावा का? गार्डला वापरकर्त्याचा खरा आयपी दिसतो, म्हणून हात आखडतोय.

ओसरी:
आखडलेलाच बरा. 'कॉनट्रॅक -एल'सुद्धा नको, तीही पत्त्यांचीच यादी. इथे नुसता आकडा पुरतो: /प्रॉक/सिस/नेट/नेटफिल्टर मधली एनएफ_कॉनट्रॅक_काउंट (आत्ताच्या नोंदी) आणि _मॅक्स (कमाल मर्यादा) शेजारी ठेवून बघा. दोन्ही भिडले असतील तर दोष टॉरचा नाही, फायरवॉलचा. मॅक्स वाढवा, किंवा एनएफटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) रॉ टप्प्यात, म्हणजे नोंद होण्याआधीच, ९००१ ला 'नोट्रॅक' (नोंद नको) द्या: येताना डीपोर्ट (पोहोचण्याचा पोर्ट), जाताना एसपोर्ट (निघण्याचा पोर्ट). एकाच बाजूला दिलं तर उपयोग नाही. मग 'एस्टॅब्लिश्ड'चा (आधीच जुळलेल्या जोडण्या आत घेणारा) नियम त्या पोर्टला लागू होत नाही, तेव्हा इनपुटमध्ये ९००१ उघडपणे स्वीकारा. नोट्रॅक केलं की कॉनट्रॅकमध्ये त्या जोडण्यांची नोंदच उरत नाही, हा फायदा वेगळाच. फायरवॉलमध्ये 'लॉग' नियम असेल तर तोही काढा. पत्ते बहुतेक तिथूनच गुपचूप साठतात.

धागादोरा:
टॉरच्या आतलं बघायला मेट्रिक्सपोर्ट (टॉर आपले आकडे देतो तो पोर्ट) १२७.०.०.१:९०३५ ठेवा, मेट्रिक्सपोर्टपॉलिसीत फक्त १२७.०.०.१, म्हणजे तेच यंत्र. बाहेरून हवं तर एसएसएच टनेल. हा पोर्ट जगाला उघडा ठेवणं म्हणजे आपल्याच वापरकर्त्यांचा घात. ओनियनस्किन (नवा मार्ग जोडण्याच्या विनंत्या) 'ड्रॉप्ड' चढत असतील तर सीपीयू कमी पडतोय. डॉसचे (सेवा ठप्प करणाऱ्या हल्ल्यांचे) आकडे चढले तर कुणीतरी मारा करतंय.

कांदाभजी:
प्रोमीथियस (आकडे गोळा करणारं साधन) हा मेट्रिक्सपोर्ट दर १५ सेकंदांनी वाचतो, साठा वर्षभराचा. यात तर पत्ते नाहीत, मग चालेल ना?

ओसरी:
नाही. टॉर पॅकेट मुद्दाम रेंगाळवत नाही. त्यामुळे इथला १५ सेकंदांचा चढउतार दुसऱ्या टोकाच्या आलेखाशी जुळवता येतो. म्हणून तर रिले स्वतःची बँडविड्थ २४ तासांच्या ढिगात जाहीर करतो. बिघाड शोधताना बारीक माप घ्या, काम झालं की पुसा. रोजच्या वापरासाठी व्हीएनस्टॅट (वाहतूक मोजणारं साधन): '५मिनिटअवर्स' (पाच मिनिटांचे आकडे किती तास ठेवायचे) शून्य, तासाचे आकडे चार दिवस. टॉरचा हार्टबीट (लॉगमधला स्थितीचा संदेश) तसाही दर ६ तासांनी येतोच.

धागादोरा:
आणि टॉरआरसीत (टॉरची सेटिंगची फाइल) सेफलॉगिंग १ आहे ना, तपासा; त्याने लॉगमधले पत्ते झाकले जातात. डिबगिंगसाठी शून्य करून तसंच विसरलेलं, हे नेहमीचंच.