महापालिका कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा: हप्ता भरत राहायचं की स्वतःचा निधी चालवायचा?

जमाखर्च
नूतनीकरण जवळ आलं की दरवर्षी तीच रड. कंपनी हप्ता वाढवून मागते, स्थायी समिती विषय तहकूब करते आणि तोवर पॉलिसीची मुदत संपते. मुंबई महापालिकेची गटविमा योजना 2015 मध्ये सुरू झाली आणि 2017 मध्ये हप्त्याच्या वादातच बंद पडली. पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय साहाय्य योजना मात्र विम्याविना चालत आली: बिलाचे 90 टक्के पालिकेचे, 10 टक्के कर्मचाऱ्याचे.

मोठ्या पालिकेनं विमा घेऊच नये, असं माझं मत आहे. समजा, यंदा 6 कोटींचे दावे आले. उपचार 10 टक्क्यांनी महागले असं धरून कंपनी पुढच्या वर्षाचे 6.6 कोटी मांडते. स्वतःचा खर्च आणि नफा मिळून हप्त्याच्या 15 टक्के धरले, तर हप्ता होतो 7.76 कोटी. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9.16 कोटी. (सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी माफ झाला तो वैयक्तिक पॉलिसींचा, गटविम्याचा नाही. हे अंदाजपत्रक करताना हटकून विसरलं जातं.) आपलेच 6.6 कोटी आपल्याला परत मिळवायला अडीच कोटी जास्त मोजायचे, ते कशासाठी?

नगरपरिषदवाला
हे गणित दहा हजार कर्मचाऱ्यांना लागू पडतं. 180 कर्मचाऱ्यांच्या नगरपरिषदेत एकाच वर्षी एक मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि दोन कर्करोग निघाले, की निधी आटला. शिवाय ‘स्वतःचा निधी’ म्हणजे तिजोरीत खडखडाट झाला की आधी हात घालायची जागा. रुग्णालयांची बिलं चार महिने थकली की ती उधारी बंद करतात, आणि पेशंट दाखल करताना नातेवाइकांकडे अनामत मागितली जाते. कंपनीचा हप्ता एकदा भरला की निदान वर्षभर तरी त्या पैशांना कोणी हात लावत नाही.

जमाखर्च
लहान संस्थांबाबत मान्य. पण त्यांनीही पहिल्या रुपयापासून विमा का घ्यावा? प्रत्येक कुटुंबाचे पहिले 2 लाख निधीतून द्यावेत आणि त्यापुढच्या रकमेचा टॉप-अप गटविमा घ्यावा. मोतीबिंदू, डेंग्यू, अपेंडिक्स अशी संख्येनं जास्त असलेली बिलं कंपनीकडे जातच नाहीत. हप्ता उतरतो तो तिथे. फक्त निधीचं बँक खातं वेगळं हवं, आणि त्यातून दुसऱ्या लेखाशीर्षाला उसनवारी नाही, हे ठरावातच लिहून घ्यावं.

बिल_तपासनीस
तुम्ही दोघंही पैसे कोणी द्यायचे यावर भांडताय. खरी गळती बिलातच आहे. सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं रुग्णालयाशी करार नसेल, तर निधी असो की विमा, दोन्ही बुडतात. ते दर ऑक्टोबर 2025 मध्ये बदलले. जुन्या करारांत ‘वेळोवेळी सुधारित दर’ हे शब्द आहेत का, ते आधी बघा. मग तपासणी. दर पॅकेजचा असेल तर शस्त्रक्रियागृहाचं भाडं आणि हातमोजे वेगळे लावलेत का? अँजिओप्लास्टी असेल तर स्टेंटच्या वेष्टनावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर बिलाला चिकटवलेला हवा. स्टेंटच्या कमाल किमती 2017 पासून सरकार ठरवतं, तो आकडा बिलाशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

हप्ता कमी करायचा असेल तर खोलीभाड्याला मर्यादा घाला. मर्यादा रोजची 4,000 आणि घेतली 8,000 ची खोली, तर सगळं बिल निम्म्यावर येतं. 1,60,000 चं बिल असेल तर मंजूर 80,000.

युनियन_कट्टा
सगळं बिल निम्मं होत नाही, आणि हीच चूक दावे मंजूर करायला टेबलावर बसलेलेही करतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. तुमचंच बिल घ्या: खोली 5 दिवसांची 40,000, औषधं-स्टेंट-तपासण्या 60,000, डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह 60,000. मंजूर होतील ते 20,000 अधिक 60,000 अधिक 30,000, म्हणजे 1,10,000. 80,000 च मंजूर झाले, तर मधले 30,000 कर्मचाऱ्याच्या खिशातून जातात, कारण तो कपातीच्या पत्राला उत्तर देत नाही.

आमचा विरोध मर्यादेला नाही, ती न सांगण्याला आहे. दाखल होताना जनरल वॉर्ड भरलेला असतो, माणूस नाइलाजानं वरची खोली घेतो. ‘हक्काची खोली उपलब्ध नाही’ असा रुग्णालयाचा दाखला असेल तर कपात नाही, हे कलम निविदेतच टाका.

बिल_तपासनीस
हिशेब तुमचा बरोबर, माझा चुकला. दाखल्याचं कलम मात्र जपून. तसा दाखला रुग्णालय मागेल त्याला देतं. त्या दिवशीच्या खाटांच्या नोंदीची प्रत जोडायला लावा.

नगरपरिषदवाला
एक मार्ग कोणीच वापरत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2023 च्या निर्णयानं सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, कुटुंबाला 5 लाखांपर्यंत, तेव्हा 1,356 उपचारांसाठी. यादीतला उपचार आधी तिथे करायचा आणि उरलेलाच भार आपल्यावर घ्यायचा.

युनियन_कट्टा
म्हणजे पालिकेनं आपली जबाबदारी राज्यावर ढकलायची. तिथली सगळी रुग्णालयं आपल्या पॅनेलवर नाहीत. चालू केमोथेरपी मध्येच सोडून दुसरीकडे जा, असं कोणाला सांगणार? ऐच्छिक ठेवा.

जमाखर्च
ऐच्छिक चालेल. पण निवृत्तांना निधीचं सभासदत्व केव्हाही घ्यायची मुभा ठेवू नका. निवृत्तीनंतर तीन महिन्यांत अर्ज आला नाही तर दार बंद. नाहीतर धडधाकट माणूस वर्गणी वाचवतो, बायपास ठरली की अर्ज घेऊन येतो, आणि पुढच्या वर्षी वर्गणी वाढते ती उरलेल्यांची.

युनियन_कट्टा
तीन महिन्यांत बहुतेकांचं पेन्शनसुद्धा सुरू झालेलं नसतं. वर्गणी उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापून घ्या, मग तीन महिने काय, निवृत्तीच्या दिवशीच दार बंद करा.