मदत हवी आहे : नाटकाची निर्मितीपण माझ्याकडे आणि भूमिकापण, कसं जमवू?

नमस्कार. सांगलीत आमचा 14 जणांचा हौशी ग्रुप आहे, सगळे नोकरीधंदा सांभाळून रात्री तालमीला येणारे. यंदा दोन अंकी नवीन नाटक करतोय आणि प्रयोग 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनालाच लावायचाय, कारण विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सीता स्वयंवर केलं ते ह्याच गावात, त्याचं आम्हाला फार अप्रूप आहे. लेखकाची लेखी परवानगी मिळालीय, नाट्यगृहाची तारीखपण. हातात 12 आठवडे.

अडचण अशी की निर्मितीची सगळी जबाबदारी माझ्यावर आलीय आणि नाटकात आईची भूमिकापण मीच करतेय. गेल्या वर्षी एकांकिकेला नेपथ्य शेवटपर्यंत बदलत राहिलं, फ्लॅट (देखाव्याच्या सुट्या भिंती) आदल्या रात्री रंगवले, आणि सकाळी टेम्पोतून उतरवल्यावर कळलं की 10 फुटी फ्लॅट मागच्या दारातून आत जातच नाही. दार कोणी मोजलंच नव्हतं. तिथेच आडवा टाकून करवतीने मधोमध कापला, मागून पट्ट्या ठोकल्या, ओला रंग सगळ्यांच्या हाताला, आणि लाइट लावायचे दोन तास त्यातच गेले. प्रयोगात माझ्या मुख्य संवादाला स्पॉट दुसरीकडेच पडला, मी अंधारात बोलले. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तर कुठल्या आठवड्यात काय संपलं पाहिजे? नेपथ्यात आता बदल नाही हे दिग्दर्शकाला कधी सांगायचं? आणि भूमिका सोडू का? खरं सांगते, सोडवत नाहीये.

प्रतिसाद

ताई, बरीच वर्षं रंगमंच व्यवस्था बघतोय म्हणून सांगतो. संहिता, प्रयोगाआधी ती तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे, ह्याच आठवड्यात पाठवा, त्यांनी काही बदल सुचवले तर पाठ झालेले संवाद बदलताना नटांचे हाल होतात. 12 आठवड्यांतून गणपती, नवरात्र, दिवाळी वजा करा, तेव्हा हॉलपण मिळत नाही आणि माणसंपण. तारखा प्रयोगापासून नाही, रंगीत तालमीपासून मागे मोजत या, आणि रंगीत तालीम निदान 4 दिवस आधी ठेवा म्हणजे चुकलेलं दुरुस्त करता येतं.

नेपथ्य सहाव्या आठवड्याला बंद. पण त्याआधी टेप घेऊन नाट्यगृहात जा, दार, विंगा, स्टेजची खोली मोजा आणि तालमीच्या हॉलमध्ये त्याच मापाच्या खडूच्या रेघा मारा. नट त्या रेघांत फिरायला लागले की सोफा कुठे, जिना कुठे ह्याचे बदल तिथेच होऊन जातात, सुताराकडे पोचत नाहीत.

भूमिका सोडू नका. पैसे, परवानग्या, बुकिंग तुमच्याकडे राहू दे, पण स्टेजवर न जाणारं एक माणूस आजपासूनच वहीला बसवा. कोण कुठल्या विंगेतून येतं, कपबशी कुठे ठेवायची, कुठल्या शब्दाला लाइट जातो, सगळं त्या वहीत पेन्सिलने. प्रयोगाच्या दिवशी त्याचाच शब्द शेवटचा, दिग्दर्शकाचापण नाही.

प्रतिसाद

खूप आभार दादा. उद्या संध्याकाळी टेप घेऊन नाट्यगृहात जातेय, दिग्दर्शकालापण सोबत नेते. वहीसाठी ग्रुपमधल्या एका मुलीला विचारलं, ती लगेच हो म्हणाली.