करोनाकाळातला छोटा प्रवास : गाडीत काय काय बांधून नेलं होतंत?

२०२० आणि २०२१ मध्ये नाइलाजाने गाडी काढावी लागली तेव्हा सोबत काय नेलंत, ते इथे लिहा. हॉटेलं बंद, वाटेत कुणाकडे घोटभर पाण्याला थांबायची सोय नाही, अशा वेळी घरोघरी झालेली तयारी कुठे लिहून ठेवलेली दिसत नाही. पदार्थ, औषधं, कागदपत्रं, काहीही चालेल. काय टिकलं, काय उरलं, तेही सांगा. सुरुवात मी करते.

ऑगस्ट २०२० मध्ये आम्ही डोंबिवलीहून संगमेश्वरजवळच्या गावी गणपतीला गेलो. चतुर्थी २२ तारखेला होती. १२ तारखेपर्यंत पोचलात तर दहा दिवस विलगीकरण, त्यानंतर निघालात तर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल हवा, असा नियम होता. आम्ही आधी निघालो. त्यामुळे रस्त्याचा डबा वेगळा आणि दहा दिवसांचा शिधा वेगळा. तांदूळ गावी घरचे होते. डाळ, साखर, चहा पावडर, तेल इथून नेलं, कारण दुकानात आम्हाला जाता येणार नव्हतं आणि शेजारच्या काकूंना खेपा घालायला लावणं बरं दिसलं नसतं. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या, थर्मामीटर, ऑक्सिमीटर. वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं. पुऱ्या रात्रीच तळून परातीत पसरून पूर्ण गार केल्या. गरम भरल्या की डब्याला घाम येतो आणि त्या संध्याकाळपर्यंत चिवट होतात. ई-पास म्हणजे जिल्ह्याबाहेर जायचा सरकारी परवाना, त्याच्या छापील प्रती काचेवर, पाकिटात आणि नवऱ्याच्या खिशात, अशा तीन ठिकाणी. कशेडी घाटात तपासणीची लांब रांग होती, तिथेच गाडीत बसून जेवलो.

गावी पोचल्यावर वाडीतली माणसं सकाळी दूध आणि पडवळ, भेंडी, काकडी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवायची आणि लांबूनच हाक मारायची. आम्ही नेलेले कांदे-बटाटे बरेचसे तसेच उरले.

सोलापूर

आमच्याकडे असल्या प्रवासाला वेगळं काही शोधावं लागलं नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी! कडक भाकरीत ओलावाच नसतो, त्यामुळे ती कितीतरी दिवस राहते. सासऱ्यांच्या डोळ्यांसाठी पुण्याला जावं लागलं. त्यांना कडक भाकरी चावत नाही, म्हणून दशम्या केल्या. पीठ दुधातच भिजवायचं, पाण्याचा थेंब नाही, वरून चमचाभर तूप. दुसऱ्या दिवशीही मऊ. मामंजींना मधुमेह आहे आणि तपासणीच्या रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे त्यांचा डबा माझ्या मांडीवर आणि साखर एकदम उतरली तर म्हणून खडीसाखर पर्समध्ये. मागे डिकीत ठेवलेलं खाणं वेळेला हाताशी नसतं, हे घरात मधुमेही असणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

जळगाव

सगळ्यांनी खाण्याचं लिहिलंय, मी बाथरूमचं लिहिते. आम्ही जळगावहून नाशिकला गेलो तो मे महिना. वाटेतल्या ज्या पेट्रोल पंपांवर थांबलो तिथली बाथरूमं कुलपात. मी, माझी आई आणि वयात आलेली मुलगी. बायका अशा वेळी पाणीच पीत नाहीत, आणि मेमधल्या खानदेशात हे जिवावर बेतू शकतं. नवऱ्याने निघण्याआधीच जुनी चादर आणि कपड्यांचे चिमटे घेतले होते. झाडीच्या बाजूचे गाडीचे दोन्ही दरवाजे उघडायचे आणि मधे चादर लावायची, झाला आडोसा. वापरायच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन वेगळा, त्याला लाल दोरी बांधलेली, म्हणजे पिण्याच्या कॅनशी गल्लत नको. कागदी साबण, वर्तमानपत्रं, घट्ट बांधता येतील अशा पिशव्या. मुलीची पाळी सुरू होती. या तयारीमुळे ती निर्धास्त बसली आणि आई पोटभर पाणी प्यायली. माझ्या मते यादीत पोळीभाजीच्याही वर हे लिहायला हवं.

नाशिक

मी औषधं पोचवायचं काम करतो, त्यामुळे टाळेबंदीतही पास होता. मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक महामार्गावर कसारा घाटातून माणसं चालत वर येत होती. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशाकडे निघालेली. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. त्यांना बघून आपला डबा उघडवत नाही. मग घरातून आणि गल्लीतून पोळ्या यायला लागल्या. बटाट्याची भाजी त्या उन्हात दुपारपर्यंत आंबते, म्हणून पोळीला लसणाची चटणी आणि सोबत गूळ-फुटाणे, असं कागदात बांधायचो. पण जेवणापेक्षा पाणी आणि चपला जास्त मागितल्या जायच्या. शेजाऱ्यांकडून जुन्या चपला गोळा करून जोड्या दोरीने बांधून न्यायचो. लहान मुलांच्या मापाच्या कायम कमी पडल्या. ते अजून आठवतं.

न्यू जर्सी

मार्च २०२० मध्ये पिट्सबर्गहून मुलीला आणायला गेलो. तिचं वसतिगृह रिकामं करायला सांगितलं होतं. पेनसिल्व्हेनियाने त्याच सुमारास महामार्गावरचे रेस्ट एरिया बंद केले; ट्रकचालकांनी आवाज उठवल्यावर काही पुन्हा उघडले. साडेपाच-सहा तासांचा रस्ता. मेथीचे ठेपले, खाकरे, थर्मासभर चहा. जळगावच्या ताईंची चादर तेव्हा सुचली असती तर फार बरं झालं असतं.

कोल्हापूर

मी भाड्याची गाडी चालवतो. एप्रिल २०२१ मध्ये ई-पास परत सुरू झाला, तेव्हाच्या पुण्याच्या खेपा बहुतेक पेशंटच्या नातेवाइकांच्या. एसी बंद, काचा खाली, मास्क काढायचा नाही. ढाबे बंद, त्यामुळे आम्हा चालकांचे हाल व्हायचे. एका घरातल्या आजींनी माझ्यासाठी वेगळा डबा दिला, चमचा आणि पाण्याच्या बाटलीसकट. त्यात दहीभात होता, दुपारी तीनलाही आंबट नव्हता. कसा केला होता, देव जाणे. आणखी एक : सॅनिटायझरची बाटली उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका, त्यात बहुतांशी अल्कोहोल असतं.

पुणे

कोल्हापूरच्या दादांसाठी : त्या आजींनी भात आसट शिजवून, गार झाल्यावर त्यात भरपूर दूध आणि चमचाभरच दही घातलं असणार. तुम्ही जेवेपर्यंत डब्यातच दही लागतं. फोडणी हिंग-मिरचीची, पूर्ण गार करून घालायची. मीठ पुडीत वेगळं द्यायचं, खाताना मिसळायला.